विनाकारण धावणाऱ्या दोन महिला

१९८४ सालच्या नोव्हेंबरात भांडुपमधल्या एका गृहनिर्माण सोसायटीतल्या दोन विवाहित महिला सकाळी सहा वाजता फाटकाबाहेर पडून टेकडीच्या दिशेने धावल्या, असं तीन सभासदांच्या लक्षात आलं. मागे कोणी लागलेलं नव्हतं. पुढे बस नव्हती. घरी सर्व मंडळी सुखरूप होती.

त्यांतली पद्मजा एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नसे. दुसरी तिच्या शेजारची सुगंधा. दोन जिने चढले की तिला धाप लागायची. पद्मजाने घड्याळ लावून तिची नाडी मोजली, तिला कॅनव्हासचे बूट घ्यायला लावले आणि बरोबर नेलं. महिन्याभरात सुगंधा न थांबता निम्मी टेकडी चढू लागली. माथा राहिला होता. तो एकदा गाठायचा, एवढंच दोघींचं ठरलं होतं. दिवसातली ही पन्नास मिनिटं कोणाच्याच उपयोगाची नव्हती, म्हणून पद्मजाला ती फार आवडत.

पण वाटेत दिसेल तो थांबवून विचारी, काय झालं, कोणता दवाखाना. एका सद्गृहस्थाने तर सुगंधाच्या घरचं कोणी गेलं असं समजून बरोबर धावत धावतच सांत्वन केलं. अखेर सोसायटीचे सेक्रेटरी मार्तंडराव यांनी पद्मजाकडे लेखी कारण मागितलं. मार्तंडराव महापालिकेतून निवृत्त झाले होते, पण पुरते नाही.

"कारण काही नाही. बरं वाटतं," पद्मजा म्हणाली.

"बरं वाटणं हे कारणात धरता येत नाही, वहिनी."

तोडगा सुगंधाने काढला. "हातात दुधाची बाटली घे गो. बाटली घेऊन धावणाऱ्या बायकांक कोण इचारता?"

पद्मजाने प्रयोग रीतसर केला. तीन दिवस बाटली घेऊन, तीन दिवस बाटलीशिवाय. बाटलीशिवाय रोज सरासरी अकरा चौकशा झाल्या; बाटलीसह एकही नाही. उलट एका रिक्षावाल्याने थांबून वाट दिली. दूध केंद्र टेकडीच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला आहे, हे कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

पंधरवड्यात सात जणी झाल्या. चौथ्या मजल्यावरच्या विमलाला तर सासूने स्वतः बाटली विसळून दिली. बाटल्या टेकडीच्या पायथ्याशी झाडाखाली ओळीने ठेवायच्या आणि चढायचं. कातळ आला की पद्मजा वरून हात द्यायची, सुगंधा खालून पाय कुठे ठेवायचा ते सांगायची, आणि विमला मध्येच लटकून इतकी हसायची की सगळ्यांना थांबावं लागे. माथा त्यामुळेच लांबत होता. पण तक्रार कोणाचीच नव्हती.

तक्रार सोसायटीच्या समितीची होती. सात महिला रोज रिकाम्या बाटल्या घेऊन धावत जातात आणि रिकाम्याच घेऊन परततात, याचा अर्थ एकच निघत होता: दुधाची टंचाई. फळ्यावर तशी सूचना लागली. दुसऱ्या दिवशी अख्खी सोसायटी पहाटे पाचला केंद्रावर हजर झाली आणि साडेपाचला दूध संपलं. सूचना खरी ठरल्याबद्दल समितीने समाधान व्यक्त केलं.

मग तातडीची सभा झाली. 'सदर महिला तशाही धावतच असल्याने' बेचाळीस घरांची दूधकार्डं त्यांच्याकडे सोपवण्यात आली. मार्तंडरावांनी मनापासून अभिनंदन केलं. "आता तुमच्या धावण्याला अर्थ आला," ते म्हणाले.

अर्थ आल्यापासून धावणं बंद झालं. भरलेल्या बाटल्यांच्या जाळ्या घेऊन धावता येत नाही, आणि त्याआधी तासभर रांग होती. नवव्या दिवशी रांगेत सुगंधाने जाळी खाली ठेवली. "माथो रवलो गो आपलो," ती हळूच म्हणाली. रडत नव्हती, पण पद्मजाने नाडी न मोजताच ओळखलं.

दुसऱ्या दिवशी फाटकात मार्तंडराव भेटले. ते रोज तब्येतीसाठी फिरायला जात; त्यांना लेखी कारण कोणी मागितलेलं नव्हतं. पद्मजाने बेचाळीस कार्डं त्यांच्या हातात ठेवली.

"हे काय? कुठे निघालात?"

"वर."

"वर काय आहे?"

"काहीच नाही," पद्मजा म्हणाली, आणि सात जणी रिकाम्या हातांनी धावत सुटल्या.

त्या दिवशी सुगंधा कुठेही न थांबता माथ्यावर पोचली. नाडी एकशे अठ्ठेचाळीस. पाच मिनिटांत शंभराच्या खाली. सगळ्या जणी चांगला अर्धा तास वर बसल्या.

तिथून काय दिसलं, हे त्यांना खाली कोणीच विचारलं नाही. बेचाळीस घरांचा प्रश्न एकच होता: मग दूध कोणी आणलं? वाचताना हाच प्रश्न आपल्याही मनात आला असल्यास कृपया कळवावं. समितीत एक जागा रिकामी आहे.