डास म्हणू नका, डाशीण म्हणा

आमच्या शेजारच्या डॉक्टर वाटव्यांच्या हातावर डास बसला, तर तो मारायची कुणाची छाती नव्हती. मी लग्न होऊन ठाण्यात आले त्याच आठवड्यात ते चहाला आले. त्यांच्या कोपरावर डास दिसला म्हणून मी पंखा उगारला, तर ते ओरडले, "थांबा वहिनी! बाई जेवतायत."

मी पदर सावरून इकडेतिकडे बघायला लागले. कुठली बाई?

"चावते ती मादीच. डास म्हणू नका, डाशीण म्हणा."

बाईंचं जेवण आटोपल्यावर त्यांनी तिच्यावर अलगद काचेची नळी धरली, तोंडाला कापसाचा बोळा लावला, नळी खिशात टाकली आणि शांतपणे चहा संपवला.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा वर्षभर झालं होतं. डॉक्टर मुंबईच्या एका प्रयोगशाळेत हिवतापावर संशोधन करत. एकटा माणूस. सुट्टीच्या दिवशी काठीला वाटी बांधून डबक्यांतल्या अळ्या शोधत ठाणं पालथं घालायचे. कुणाकडेही गेले की माणसांआधी हौदाची विचारपूस. आणि कुणी काहीही सांगितलं तरी एकच शब्द : "पुरावा?" सासूबाई एकदा सहज म्हणाल्या, "आज फार उकडतंय." तर म्हणे, "पुरावा?"

सासूबाईंना आम्ही माई म्हणत असू. त्यांचं आणि डॉक्टरांचं बिनसलं होतं ते आमच्या विहिरीवरून.

"माई, विहिरीत डासांच्या अळ्या आहेत. बारके मासे सोडू द्या, सगळ्या गट्ट करतील."

"देवाच्या पाण्यात मासे? त्यापेक्षा तुम्हीच उडी टाका!"

"मी अळ्या खात नाही," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

पावसाळा संपता संपता मी तापानं पडले. गावातल्या डॉक्टरांनी विषमज्वर ठरवला आणि कडक लंघन सांगितलं. आठवडाभर नुसतं पाणी. मला उठून बसवेना. ह्यांचा चेहरा पार उतरला होता.

वाटवे आले. "विषमज्वर? पुरावा?" माझ्या बोटाला सुई टोचून त्यांनी रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि घरच्या सूक्ष्मदर्शकाकडे नेला. अर्ध्या तासात अनवाणीच धावत परत आले. "हिवताप! सूक्ष्मदर्शकात दिसले जंतू!" मग कडूजहर कोयनेल सुरू झालं. चौथ्या दिवशी ताप उतरला.

माईंनी दुसऱ्याच दिवशी विहिरीवर उभं राहून फर्मावलं, "सोडा तुमचे मासे. पण सोमवारी नको."

ते मासे वाढले. डॉक्टर मडक्यांतून ते खाडीकाठच्या मिठागरांच्या गावांत नेऊ लागले. एक आगरीण मडक्यात डोकावून म्हणाली, "डाक्टर, यवरंसं मासं? कालवनाला पन पुरनार नाय!" पण दर पावसाळ्यानंतर जिथं घरंच्या घरं अंथरुणाला खिळायची, तिथल्या बायका पुढं वाटेत डॉक्टरांना थांबवून आपली धडधाकट पोरं दाखवायच्या. डॉक्टरांचा शोधनिबंध छापून आला, त्यात शेवटी माईंचे आभार होते. माईंनी तो देव्हाऱ्यात ठेवला.

मला मात्र डॉक्टर आठवतात ते ताप उतरलेल्या दुपारचे.

"काय खावंसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"मऊ भात."

माई घुटमळल्या. लंघन सांगितलेलं.

"द्या माई. माझी जबाबदारी."

मी खात होते आणि डॉक्टर उंबऱ्यात बसून माझा एकेक घास बघत होते. मला संकोच वाटला. ताटली रिकामी झाली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"माझी धाकटी बहीण होती. आम्ही कल्याणला होतो. तापात दोन दिवस भात मागत होती. लंघन सांगितलं होतं. घरात मी आणि ती दोघंच. मी दिला नाही." चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "तिसऱ्या दिवशी मागितलाच नाही तिनं."

माई उठल्या. आत गेल्या, दुसरी ताटली वाढून आणली, माझ्या शेजारी पाट मांडला.

"बसा भाऊ," त्या म्हणाल्या. "भात गरम आहे."

डॉक्टर उठले आणि हात धुऊन माझ्या शेजारी जेवायला बसले.