पाचवा फीडर

वेंडेल टब्जनं ठरवलं होतं ते एवढंच: सासऱ्यांच्या मचाणापुढे मक्याचा एक फीडर आहे, त्याच्या जोडीला आणखी तीन लावायचे. चार दिशांना चार. हरीण कुठूनही येवो, त्याला खायला मिळालं पाहिजे. यात वाईट काय आहे, तुम्हीच सांगा! पण टेक्ससच्या आमच्या डोंगराळ भागात शहाण्या माणसानं एवढा विचार करायचा नसतो, आणि वेंडेल तर सॅन अँटोनियोत चष्म्याच्या काचा घासणारा माणूस. मिलिमीटरचा फरक पडला तरी त्याला रात्रीची झोप लागत नाही.

त्याचे सासरे ओटमार केलरमान मार्चमध्ये गेले. घरात सगळे त्यांना जर्मन रीतीनं ओपा, म्हणजे आजोबा, म्हणायचे आणि सासूबाई हुल्डांना ओमा, म्हणजे आजी. ओपांनी बावीस वर्षांत जावयाला एकदाही नावानं हाक मारली नाही. "ए शहरवाल्या, तो डबा दे." "शहरवाल्या, कुत्र्याच्या शेपटीवर पाय देतोयस." मचाणावर तर त्याला पायही ठेवू दिला नाही. दर वर्षी शिकारीचा हंगाम उघडला की पहिल्याच सकाळी ओपा एकटे मचाणावर जायचे आणि नऊच्या आत अंगणात हरीण पडलेलं असायचं. त्याच हरणाचं सॉसेज धुरी देऊन चर्चच्या जेवणात केलरमानांच्या टेबलावर यायचं. तीस वर्षांत एकदाही खाडा नाही.

ओपा गेल्यावर ओमानं मचाणाची किल्ली आपल्या गळ्यातल्या साखळीत अडकवली आणि निकाल दिला.

"हंगामाच्या पहिल्या दिवशी आपल्या रानातलं हरीण आपल्या अंगणात आलं, तर मचाण तुझं. नाही आलं, तर नाताळाआधी डेलबर्ट येईल ह्यूस्टनहून, त्याला देईन."

डेलबर्ट म्हणजे वेंडेलच्या बायकोचा, व्हर्लीनचा, भाऊ. जेवताना प्रत्येक वेळी "काय वेंडेल, काही लागलं का नेमाला?" असं विचारून स्वतःच खो खो हसणारा. त्याला मचाण गेलं असतं, तर वेंडेल त्या घरात मरेपर्यंत शहरवाल्याच राहिला असता. (आणि तो मेल्यावर थडग्यावरही तेच कोरलं असतं, असं व्हर्लीन म्हणते. तिला नवऱ्याचं कौतुक आहे, पण ते तिच्या पद्धतीनं.)

ऑक्टोबरच्या मध्यावर वेंडेल गाडीत तीन पिंपं, नऊ लोखंडी पाय, चार नवी टायमरं आणि मक्याची पोती घालून हजर झाला. पिंपाखाली मोटर, मोटरखाली चकती. वेळ झाली की चकती घर्रर्र फिरणार आणि मका चहूकडे उडणार. सकाळची साडेसातची वेळ त्यानं लावली. फ्रिजवर तक्ता चिकटवला: फीडर क्रमांक एक ते चार, दिशा, वेळ, मका, बॅटरी. ओमा चष्मा कपाळावर चढवून तो तक्ता बराच वेळ वाचत होती.

"हरणांना वाचता येतं का रे?" तिनं विचारलं.

मचाण घरापासून अर्ध्या मैलावर, ओढ्याच्या पलीकडे. सीडरची दाट झाडी, मध्ये चार लाकडी खांबांवर पत्र्याचं छप्पर आणि फटी पडलेल्या फळ्यांची जमीन असलेली खोली आणि चढायला शिडी. ओमाकडून किल्ली मागून वेंडेल पहिल्यांदा वर चढला तेव्हा भर दुपार होती. वारा नव्हता. पाखरू बोलत नव्हतं. आत ओपांची एकच खुर्ची होती, आणि खुर्चीखाली अक्रोडासारख्या पिकनची टरफलं पडली होती.

ओपा दिवसभर पिकन फोडून चावत बसायचे, हे जगजाहीर होतं. कर्र, कर्र, कर्र. कवळी सैल, त्यामुळे आवाज शेजारच्या खोलीत यायचा. वेंडेलनं टरफलं झाडून काढली आणि कामाला लागला.

पुढच्या शनिवारी पिंपं भरायला आला, तर खुर्चीखाली पुन्हा टरफलं. ताजी! आतून अजून ओलसर. आणि खुर्ची, जी त्यानं स्वतः पूर्वेकडे वळवून ठेवली होती, ती घराच्या दिशेला तोंड करून बसली होती.

"व्हर्लीन," संध्याकाळी तो हळूच म्हणाला, "मचाणावर कुणीतरी येतंय."

"कुलूप होतं ना?"

"होतं."

"मग कोण येणार?"

"तेच तर विचारतोय."

व्हर्लीननं भांडी पुसायचं थांबवलं. "कसली टरफलं म्हणालास?"

"पिकनची."

ओमा कोपऱ्यात विणत बसली होती. तिनं एक टाका उसवला आणि पुन्हा घातला.

तिसऱ्या शनिवारी पुन्हा टरफलं. या खेपेला वेंडेलनं झाडली नाहीत. त्यानं टोपी काढली, खुर्चीला "माफ करा" म्हटलं आणि पाठ न वळवता शिडी उतरला. शिडी पाठ न वळवताच उतरायची असते म्हणा, पण त्याचं कारण वेगळं होतं.

आता खरी गंमत ऐका. हंगाम उघडतो नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आमच्याकडे हिवाळ्याची वेळ लागते आणि सगळी घड्याळं तासभर मागे जातात. लहान पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. वेंडेलनं विचार केला, रविवारच्या गडबडीत कशाला, गुरुवारीच करून टाकू. म्हणून त्यानं चारही टायमरांची घड्याळं गुरुवारीच एक तास मागे केली. मोठ्या समाधानानं तक्त्यावर बरोबरच्या खुणा केल्या. आणि हंगामाच्या शनिवारी सकाळी साडेसातला टायमरांच्या मते साडेसहाच वाजणार आहेत, हे त्या काचा घासणाऱ्या डोक्यात शिरलंच नाही.

शनिवारी तो निघाला तेव्हा धुकं इतकं होतं, की अंगणातला पंप दिसत नव्हता. ओमा दारात ओपांचा तपकिरी कोट घेऊन उभी.

"हा घाल. त्या वासाची हरणांना सवय आहे."

कोटाला तंबाखूचा, ओल्या कुत्र्याचा आणि ओपांचा वास येत होता. दोन्ही खिसे काठोकाठ मक्यानं भरलेले.

"हे कशाला, ओमा?"

"मोकळ्या खिशानं ते कधी गेले नाहीत. नीघ. आणि घाबरलास तर सरळ घरी ये, इकडेतिकडे पळू नकोस."

"मी कशाला घाबरेन?"

"बरं बरं," ओमा म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

मचाणावर बसून वेंडेलनं बंदूक भरली आणि वाट बघू लागला. साडेसात वाजले. घर्रर्र झालं नाही. त्यानं घड्याळ कानाला लावलं. चालू होतं. मग धुक्यातून एक हरीण आलं. मागून दुसरं. मग डावीकडून तीन, ओढ्याकडून चार. चारी दिशांनी, कारण चारी दिशांना मका टाकायची सवय यानंच लावली होती. सतरा मोजली त्यानं. पाय वाजत नव्हते. सगळी येऊन मचाणाभोवती गोल उभी राहिली आणि माना वर करून त्याच्याकडे बघू लागली.

एक कान हलला नाही. सगळ्यांत पुढे फाटक्या कानाचा मोठा नर होता. ओपा त्याला पास्टर म्हणायचे, कारण त्याच्यापुढे उभं राहिलं की आपण काहीतरी पाप केलंय असं वाटतं. तो वेंडेलकडे बघत नव्हता. तो कोटाकडे बघत होता.

बंदूक उचलायची तर हात उचलेना. चौतीस डोळे! गोळी घालायची तरी कुणाला, आणि एकाला घातली तर बाकीचे सोळा काय म्हणतील? कपाळावर घाम आला. त्यानं कोटाच्या खिशात हात घातला. मक्याच्या तळाशी ओपांचा रुमाल बोळा करून घट्ट खुपसलेला होता. त्यानं ओढून काढला आणि तोंड पुसलं.

टप.

मचाणाच्या खाली कुणीतरी बोटानं ठोकलं.

टप. टप.

"कोण आहे?" वेंडेलच्या तोंडून आवाज निघाला तो त्यालाच ओळखू येईना.

खालून उत्तर आलं: कर्र. कर्र. कर्र.

तोच आवाज. तीच सैल कवळी.

"ओपा?"

टप.

"ओपा, तुम्ही... रागावलात का?"

टप. टप.

"मी खुर्ची फिरवली म्हणून? चुकलं माझं. पाया पडतो हवं तर. मी घरी जाऊ का?"

असं म्हणत तो उठला मात्र, खालून टपटपटपटपटप असा सपाटा सुरू झाला. एवढं स्पष्ट उत्तर त्या माणसानं जिवंतपणी कधी दिलं नव्हतं. वेंडेलनं बंदूक रिकामी करून भिंतीला टेकवली (शहरातला असला तरी नियमाचा पक्का), आणि शिडीवरून कसाबसा खाली आला. हरणं धुक्यात विरून गेली होती. ओमाचे शब्द आठवले: सरळ घरी ये. तो सरळ चालू लागला.

पन्नास पावलांवर मागून आवाज आला. कर्र, कर्र.

तो थांबला. आवाज थांबला. तो चालू लागला. कर्र, कर्र, कर्र. आता पावलंही ऐकू येऊ लागली, हलकी, पुष्कळ. मागे वळून बघायची त्याची छाती होईना. ओढ्यातून बूट घालूनच गेला. येशूची प्रार्थना म्हणायला घेतली ती मध्येच विसरला, मग त्या जागी दृष्टी तपासायच्या फलकावरची अक्षरं वरून खालपर्यंत म्हणत राहिला. ओढ्यानंतर मानेवर ऊन श्वास लागला. त्या श्वासाला मक्याचा वास होता. पण भीतीनं ज्याची पाचावर धारण बसलीय, तो वासाचा अर्थ लावत बसत नाही.

धुक्यात घराचा पिवळा उजेड दिसला. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. तिच्यातून काहीतरी लांब, काळं बाहेर आलेलं होतं.

"वेंडेल!" ओमाचा खणखणीत आवाज आला. "आडवा हो!"

बावीस वर्षांत त्या घरात सासूसासऱ्यांपैकी कुणी त्याला पहिल्यांदाच नावानं हाक मारली, आणि ती यासाठी. तो धाडकन चिखलात पालथा पडला. डोक्यावरून बंदुकीचा बार गेला. मागे काहीतरी जड कोसळलं आणि बाकीचे पाय धडाधड पळाले.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वळवली. दहा पावलांवर पास्टर पडला होता. ओठांना मक्याचा भुसा. आणि तिथपासून थेट धुक्यापर्यंत उरल्यासुरल्या मक्याची पिवळी रेघ गेली होती. वेंडेलनं खिशात हात घातला. हात अस्तरातून आरपार बाहेर आला. म्हणजे टपटप होती गळणाऱ्या मक्याची, आणि कर्र कर्र तो चावणाऱ्या हरणांची.

ओमा ॲप्रनला हात पुसत बाहेर आली. मागून व्हर्लीन नाइटगाउनवरच.

"या खिशाला भोक आहे, ओमा."

"असणारच. तीस वर्षं शिवू दिलं नाही त्यांनी. जाताना रुमाल कोंबायचा, येताना काढायचा."

"म्हणजे... ओपा..."

"ओटमारांनी आयुष्यात एक हरीण मारलं नाही. त्यांना हरणांची कीव यायची. मचाणावर बसायचे ते माझी कामं चुकवायला. हरीण दारापर्यंत आणायचं काम त्यांचं, पुढचं माझं."

"आई!" व्हर्लीन ओरडली. "मला कधी बोलली नाहीस!"

"तू कधी विचारलंस?"

वेंडेल चिखलात बसून होता. "मग ती टरफलं?"

ओमानं जरा खिडकीकडे बघितलं. "माझी. जाते मी दुपारची. बसते त्यांच्या खुर्चीत. घर दिसतं तिथून." मग आवाज चढवून म्हणाली, "आणि तू ती झाडून टाकतोस, ते मला आवडलं नाही."

तेवढ्यात लांबून, ओढ्यापलीकडून, एकदम चार आवाज आले. घर्रर्र! घर्रर्र! घर्रर्र! घर्रर्र! साडेआठ झाले होते. चारही फीडर चारी दिशांना मका उधळत होते, आणि तिथे एकही हरीण नव्हतं. वेंडेलनं डोळे मिटून घेतले.

"अंगणात आलं ना हरीण," ओमा त्याला हाताला धरून उठवत म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द. मचाण तुझं. आणि लोकांना सांग, तूच मारलंस. तेही तेच सांगायचे."

चर्चच्या जेवणात केलरमानांच्या टेबलावर सॉसेज आलं. वेंडेलनं नवा शर्ट घातला होता. विचारलं नसतानाही त्यानं तिघांना सांगितलं, की हो, मीच, आणि एकाच गोळीत. ऐंशीच्या घरातला एमिल शुप सावकाश चावत होता. घास गिळून त्यानं मान डोलावली.

"वा! हुल्डाचा नेम अजून तस्साच आहे." मग वेंडेलच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पण तू ओटमारपेक्षा बरा हं, पोरा. तो निम्मा मका वाटेत स्वतःच खायचा."

सगळं टेबल हसलं. सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं, फक्त घरातल्यांना सोडून. तरीही वेंडेलला आतून बरं वाटलं. त्याच्या हातात किल्ली होती आणि एमिल त्याला पोरा म्हणाला होता. घरी आल्यावर दूध काढायला त्यानं फ्रिज उघडायला हात घातला आणि तक्त्याकडे लक्ष गेलं. चार फीडरांवर पेन्सिलीची काट होती. खाली ओमाच्या वळणदार अक्षरात नवी ओळ होती:

फीडर क्रमांक पाच: वेंडेल. दिशा: मचाण ते स्वयंपाकघर. मका: दोन खिसे. बॅटरी: काळी कॉफी. वेळ: साडेसहा, नव्या घड्याळानं. घड्याळाला हात लावू नये.