पायदळाच्या तंबूतलं टेबल

‘असं टेबल आणतो की बघतच राहशील,’ कवळीवाल्याने छातीवर हात मारून बायकोला सांगितलं.

एरवी तो लोकांच्या दातांच्या कवळ्या बनवायचा आणि वर्षातून एकदा दोनशे वर्षांपूर्वीचा शिपाई व्हायचा. त्याच्यासारखी हौशी मंडळी माळावर तंबू ठोकून जुन्या काळच्या सैन्यासारखी राहत. नियम एकच: त्या काळी नव्हतं ते छावणीत दिसता कामा नये. गेल्या वर्षी जमिनीवर बसून जेवताना बायकोच्या गुडघ्यांनी बंड पुकारलं. तिला उठवायला तोफखाना बोलवावा लागला. तेव्हापासून तिचं पालुपद ठरलेलं. टेबल असेल तर येईन, नाहीतर तुम्ही आणि तुमचा भाला. आणि तिच्याशिवाय जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

दुकानांत सगळा अॅल्युमिनियम-प्लास्टिकचा उकिरडा. एका दुकानदाराने तर टेबलाला कप ठेवायची भोकंही कौतुकाने दाखवली. शेवटी जुन्या बाजारात ते सापडलं. शिसवी लाकूड, खिळा नाही, स्क्रू नाही. वरच्या पट्ट्या चटईसारख्या गुंडाळायच्या, पाय कात्रीसारखे मिटायचे, सगळं पिशवीत घालून खांद्यावर! घरी उघडलं तेव्हा बायको त्यावरून हात फिरवत राहिली. नवऱ्याकडे तिने लग्नातही असं बघितलं नव्हतं.

छावणीत सेनापती तपासणीला आला. एरवी हा वीज कार्यालयातला बाबू. जन्मभर साहेबापुढे वाकलेल्या माणसाच्या हातात तलवार दिली की काय होतं, ते इथे फुकट बघायला मिळतं. येता येता त्याने एकाचा थर्मास आणि एकीचा प्लास्टिकचा कंगवा जप्त केला होता. टेबल दिसलं आणि त्याने तलवार बाजूला ठेवली. स्क्रू शोधायला तो पोटावर झोपून टेबलाखाली शिरला. बाहेर आला तो टोपी हातात घेऊनच. देवळात आल्यासारखी सगळी छावणी भोवती उभी. कवळीवाल्याची छाती अंगरख्यात मावेना.

‘तुझं पद काय रे?’

‘पायदळ, साहेब.’

‘त्या काळी पायदळाला टेबल होतं?’

कवळीवाल्याने मान हलवली. नव्हतं. नियम म्हणजे नियम. दोघा शिपायांनी टेबल उचललं आणि सेनापतीच्या तंबूकडे चालू लागले.

कवळीवाल्याने घाबरत बायकोकडे पाहिलं. आता ही घरी निघणार. ती उठली, घागरा सावरला आणि टेबलामागोमाग चालू लागली.

‘जिथे टेबल, तिथे मी,’ ती सेनापतीला म्हणाली. ‘माझं तसं ठरलंय.’

सेनापतीने तंबूचा पडदा वर धरला. दुसऱ्याचं टेबल ढापणाऱ्याला पाहुणीला नको म्हणायचं तोंड कुठून असणार?

संध्याकाळी सेनापतीच्या तंबूवर पहारा होता पायदळाचा. कवळीवाला भाला धरून दारात उभा. आत मेणबत्तीच्या उजेडात बायको ताठ बसून पाव मोडत होती. सेनापती वाकून तिला वाढत होता. काय ते टेबल, आणि काय ती बाई! कवळीवाल्याचा आ मिटेना.

तेवढ्यात तिची नजर त्याच्यावर पडली. तो आशेने ताठ झाला.

‘अहो शिपाई,’ ती म्हणाली, ‘जरा मीठ आणा.’

तो धावत गेला.