अकरावं जोडपं

शेखरचा प्लॅन म्हणजे प्लॅन होता! मेहकरात त्याला निम्मं गाव ओळखायचं, म्हणून संजीवनीला भेटायला त्यानं जिल्ह्याचं पार दुसरं टोक निवडलं, वरवट बकाल. "तिथं आपल्याले कुत्रंबी वयखत नाई!" असं तो मोठ्या तोऱ्यात म्हणाला.

काळजी घेणं भागच होतं. बायको प्रतीक्षा दोन वर्षं वेगळी राहत होती, तेही कोर्टाच्या रीतसर हुकमानं. फारकतीच्या कागदावर ती येत्या सोमवारी सही करणार होती. ती झाली की संजीवनीशी लग्न! पण त्याआधी प्रतीक्षाला या भानगडीचा नुसता वास लागला असता, तरी तिनं हट्टानं जन्मभर सही केली नसती.

दोघं देवळाच्या ओट्यावर टेकले न टेकले तोच पुष्पाबाई नावाच्या दणकट आजी धावत आल्या. अधिक महिना होता. आजींना अकरा जोडपी जेवू घालायची होती आणि अकरावं आलंच नव्हतं!

"चला, पाटावर बसा!"

"आमी... म्हंजे..."

"काऊन? नवरा-बायको नाई काय?" आजींचा आवाज अख्ख्या देवळात घुमला.

"हाव, हाव! हावोत ना!" शेखर घाबरून म्हणाला.

"मंग हिच्या गळ्यात मंगळसूत्र कुठी हाय? जाऊ द्या, आजकालच्या पोरी!"

पंगतीत बसून शेखरनं समोर पाहिलं, तर प्रतीक्षा! शेजारी एक उंच, देखणा गडी! म्हणजे लपायला तिलाही हेच टोक सापडलं होतं. प्रतीक्षाचा चेहरा पांढराफटक.

"बायांनो, नवऱ्याचं नाव घेतल्याबिगर घास नाई!" आजींनी फर्मावलं.

"समोर प्रतीक्षा हाय," शेखर कुजबुजला.

"अहो, मंग मी कोनाचं नाव घेऊ?" संजीवनीला घाम फुटला.

"कोनाचंबी घे!"

पण आधी पाळी प्रतीक्षाची आली. सगळी पंगत तिच्याकडे बघत होती. घाबरलेल्या त्या बाईच्या तोंडून सात वर्षं दर कार्यात घेतलेला उखाणाच घडाघडा बाहेर पडला.

"पुरणपोळीवर साजूक तुपाची धार, शेखररावांचं नाव घेते, ऐका जन चार!"

टाळ्या पडल्या. आणि आपला शेखर? सवयीनं मान खाली घालून चक्क लाजला हो!

"मी शंतनु हावो!" उंच गडी उसळला.

"मंग शेखर कोन?" आजींनी कमरेवर हात ठेवले.

"हे!" संजीवनीनं बोट दाखवलं. तिनं ते लाजणं बरोबर पाहिलं होतं.

मग काय, सगळंच बाहेर आलं. आजींनी एवढंच विचारलं, "कायद्यानं अजून नवरा-बायको हाय ना?"

"हाव," दोघं पुटपुटले.

"मंग बसा जोडीनं! अकराचे दहा झाले, पर माह्या देवाले तेवढं चालते."

ओटी भरली, आरती झाली, अनारसे हातात पडले. सुटका होऊन बाहेर येतात तर काय, शंतनुची मोटार निघाली होती आणि पुढच्या सीटवर संजीवनी! शेखरला रडूच आलं.

प्रतीक्षा गुपचूप त्याच्या मोटरसायकलवर मागे बसली.

"मले मेहकरले सोडा आता. आन् घाबरू नका, सोमवारी सही करते मी."

शेखरनं किक मारली.

"आता कायची घाई हाय?" तो बारीक आवाजात म्हणाला.