अक्कांचा डावा हात

अक्का कुणाला "कसं काय" असं कधी विचारत नसत. समोरच्याचा दंड दाबून बघत आणि त्यावरून त्याची तब्येत, स्वभाव आणि भवितव्य ठरवून मोकळ्या होत. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा नांदेडहून माझी तिथल्या नव्या कचेरीत बदली झाली आणि खोलीच्या शोधात मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. घरमालकिणी जात विचारतात, पगार विचारतात, अंडी खाता का हे तर विचारतातच. अक्कांनी माझा दंड दाबला.

"ह्यो दंड हाय का दोडका?" त्या म्हणाल्या. "ऱ्हावा. पर सकाळी भिजवलेले हरभरे खावं लागतील."

साठीला टेकलेली बाई. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, लुगड्याचा कासोटा घट्ट. हात मात्र अडत बाजारातल्या हमालाचे. त्यांच्या यजमानांचं किराणा दुकान होतं. अक्का त्यांना मालक म्हणत, म्हणून सगळी गल्लीच मालक म्हणे. मालकांना लकवा झाला, डावं अंग गेलं, वाचाही जवळजवळ गेली आणि दुकान बंद पडलं. फळ्या, डबे, तराजू सगळं विकलं गेलं. अक्कांनी फक्त लोखंडी वजनं घरी आणली.

रोज पहाटे अंगणात त्यांची तालीम चाले. दहा किलोचं वजन डोक्यावर न्यायचं, खाली आणायचं, या हातानं, त्या हातानं. मग उठाबशा. शेवटी मांडी घालून बसायचं, पाच किलोचं वजन डाव्या तळहातावर छातीसमोर धरायचं आणि नुसतं बसून राहायचं. हा प्रकार बघून मला हसू यायचं. व्यायाम म्हणजे हालचाल, एवढं तर मला शाळेत शिकवलं होतं. मी एकदा तसं म्हणालोही.

"उचलनं सोपं हाय," अक्का म्हणाल्या. "न हालता धरून ऱ्हानं अवघड."

मी मनात म्हटलं, म्हातारीला खूळ लागलंय. गल्लीही तेच म्हणायची, फक्त मोठ्यानं. या वयात बाईनं जपमाळ धरावी, हिनं वजन धरलंय. अक्कांच्या कानावर हे सगळं यायचं. मग त्या मुद्दाम दार सताड उघडं ठेवून व्यायाम करायच्या.

गुडघे दुखतात म्हणून एकदा डॉक्टरकडे गेल्या होत्या. सोबत मी होतो. डॉक्टरांनी आरामाचा सल्ला दिला, काठी वापरा म्हणाले, ओझं उचलू नका म्हणाले. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "आराम आमचे मालक करायलेत. त्यास्नी येऊन इचारा, आराम कसा असतोय." डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या फडताळात पडून राहिल्या आणि गुडघे मात्र त्या उठाबशांनीच वळणावर आले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डॉक्टरांना काय वाटायचं ते वाटो.

त्या साली दुष्काळ पडला आणि गल्लीचं हसणं बंद झालं. जिल्हा नवा, खुर्च्या नव्या, शिक्के नवे, पाणी मात्र कुठल्याच कचेरीत तयार होत नव्हतं. टँकर चौकात थांबायचा. तिथून घरापर्यंत घागर आणताना भले भले तीनदा टेकायचे. अक्का दोन्ही हातांत दोन भरल्या घागरी घेऊन, वाटेत गप्पा मारत यायच्या. कुणी मदतीला पुढं झालं की त्याचाच दंड दाबून बघायच्या, आणि तो गडी पुन्हा त्या वाटेला जायचा नाही.

शेजारच्या कलावतीबाईंची झोप काळजीनं उडाली होती. अक्कांनी त्यांच्या हातात वरवंटा दिला आणि रोज वर-खाली करायला लावलं. "अंग दमलं की फिकीर बी दमती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कलावतीबाई पंधरवड्यात घोरायला लागल्या, अशी तक्रार त्यांच्या नवऱ्यानंच माझ्याकडे केली. माझंही तेच; मलाही त्यांनी पहाटे वजनं उचलायला लावलं होतं. परगावी एकट्यानं राहून मनाला आलेली मरगळ त्या हरभऱ्यांनी आणि वजनांनी घालवली. तोटा एवढाच झाला, की कचेरीत कपाट हलवायचं निघालं की साहेब मलाच हाक मारायला लागले.

उन्हाळा तापला तसे उदगीरहून अक्कांचे दीर बसलिंगअप्पा जीप घेऊन आले. माणूस भला होता, पण सगळं आधीच ठरवून आलेला.

"वैनी, दादाला तिकडं नेतो. आमच्या हिरीला पानी हाय, घरात चार गडी हायेत. तुमच्यानं आता हे व्हतंय का?"

अक्का आत गेल्या, मालकांना दोन्ही हातांवर उचललं आणि ओसरीवर आणून दिराच्या पुढ्यात बसवलं. दमसुद्धा लागला नव्हता.

"उचलता, बरूबर हाय. पर किती दिस?"

"माझ्यात जोर हाय तवर."

बसलिंगअप्पांनी मान हलवली, पण जीप परत धाडली नाही. सकाळी पूजा झाली की निघायचं, असं त्यांनी मलाच सांगून टाकलं आणि मालकांना गाडीत बसवायला बोलावून ठेवलं. घरचा पुरुष बोलला, भाडेकरूनं काय बोलावं? अक्का त्या रात्री जेवल्या नाहीत.

सकाळी मी पहिल्यांदा आतल्या खोलीत गेलो. एरवी त्या वेळेला मी कचेरीच्या घाईत नाहीतर टँकरच्या रांगेत असायचो. मालक भिंतीला टेकून बसले होते. या लिंगायत लोकांच्यात लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात, आणि पूजेशिवाय मालक पाण्याचा घोट घेत नसत. लकव्यानंतर लिंग हातातून घसरायला लागलं, तेव्हा त्यांनी अन्नच सोडलं होतं. आता लिंग त्यांच्या लुळ्या तळहातावर होतं आणि त्या हाताखाली अक्कांचा डावा हात होता. मालकांनी उजव्या हातानं विभूती लावली, बेलाचं पान वाहिलं आणि ते लिंगाकडे बघत राहिले. किती वेळ, कोण जाणे. अक्कांचा हात हलला नाही. मला अंगणातलं ते पाच किलोचं वजन आठवलं, आणि माझ्या हसण्याची लाज वाटली.

"ह्येच ना? मी धरीन की रोज," म्हणत बसलिंगअप्पा पुढे सरकले. अक्कांनी त्यांना जागा दिली. थोड्याच वेळात धाकट्या भावाचा हात थरथरायला लागला, लिंग कलंडलं. मालकांनी ते चटकन उजव्या हातानं छातीशी धरलं. तोंड वाकडं झालं, शब्द जुळेना. मग मोठ्या कष्टानं एकच आला.

"तिचा."

दुपारी बसलिंगअप्पा भावाला न घेताच निघाले. जीप रिकामी गेली. जाताना ते वहिनीच्या पाया पडायला वाकले, तर अक्कांनी त्यांचा दंड दाबला आणि नाक मुरडलं.

संध्याकाळी मी अक्कांना म्हणालो, रोज एवढं अवघडून बसता, मालकांच्या हाताखाली एखादी उशी का ठेवत नाही?

अक्का मालकांसाठी भाकरी कुस्करत होत्या. हात थांबला नाही.

"उशीला काय कळतंय?" त्या म्हणाल्या. "पूजंत ते कवाकवा आतल्या आत रडत ऱ्हातेत. तोंडावर दिसत न्हाई. हाताला कळतंय."