आपल्या गावचं पाणी

"बिअर म्हणजे काय? आपल्या गावचं पाणी! डोळे बांधा माझे, नुसत्या वासावरून सांगतो ती कुठल्या पाण्याची आहे ते!"

असं फेसकाका रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. उभा जन्म त्यांनी बिअर कंपनीच्या कारखान्यात टाक्यांवरचा फेस बघण्यात घालवला होता. नाव तिथेच चिकटलं.

आणि तीच कंपनी गाव सोडून गेली! दूरच्या शहरात, स्वस्त जागेत. बाटलीच्या लेबलावर चित्र मात्र अजून ह्याच गावच्या पुलाचं!

"घर सोडून जायचं आणि पाटी बापाच्या नावाची मिरवायची! लाज नाही वाटत?" काका भिंतीला विचारत, कारण काकू आता ऐकत नसत.

पुतणीने मात्र हिंमत केली. नोकरी सोडून तिने जुन्या गॅरेजात बिअर बनवायची स्वतःची छोटी ब्रुअरी काढली. आज संध्याकाळी उद्घाटन! गावातले हॉटेलवाले येणार, त्यांना चव पटली तरच धंदा उभा राहणार.

काकांनी जाहीर केलं, "पाहुणे यायच्या आत गल्लीतली सगळी कंपनीची बिअर गटारात!"

शेजाऱ्यांनी आणून आणून चार-दोन बाटल्या आणल्या. एवढ्याने काकांचा संताप धड ओलासुद्धा होईना! कुरकुरत ते गॅरेजात शिरले आणि थबकले. मागच्या खोलीत क्रेटवर क्रेट! बाटल्यांना लेबल नव्हतं, पण काचेवरच उठावदार अक्षरांत कंपनीचं नाव!

"घरभेदी!" काका ओरडले. "पोरीला कुणीतरी फसवून हा माल गळ्यात मारलाय! सुतारा, धर क्रेट!"

शेजारचा सुतार धावला. काकांनी एक बाटली उघडून नाकाशी नेली आणि तोंड असं केलं, जणू मोज्याचा वास घेतलाय!

"शी! परक्या गावचं पाणी! लगेच कळतं!"

सुताराने हळूच घोट घेतला. "काका, बरी लागतेय हो."

"तुझी जीभ कंपनीला विकली गेलीय! ओत!"

दोघांनी ओतली. गटाराला असा फेस आला की मांजर उडी मारून कुंपणावर चढलं! शेवटची बाटली उपडी होते आहे, तोच पुतणी लेबलांचा गठ्ठा घेऊन दारात उभी.

"काका! हे काय केलंत?"

"तुझी अब्रू वाचवली, बाळ! कंपनीचा माल होता!"

"माझा माल होता तो! बाटल्या तेवढ्या कंपनीच्या. कारखाना बंद झाला तेव्हा तुम्हीच नाही का रिकाम्या बाटल्यांचे क्रेट आणून दिलेत? 'धुऊन वापर' म्हणालात! आता लेबलं चिकटवणार होते!"

काकांनी हातातली रिकामी बाटली हळूच पाठीमागे लपवली. तेवढ्यात सुताराने ओशाळत कोटाआडून एक भरलेली बाटली काढली. "मी... घरी न्यायला ठेवली होती."

संध्याकाळी ती एकच बाटली घोटाघोटाने फिरली. हॉटेलवाल्यांनी ओठ चाटले. "वा! आम्हाला हवी! बाकीची कुठाय?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी गटाराकडे.

"पुढची तयार व्हायला महिना लागेल," पुतणी म्हणाली. "थांबाल ना?"

हॉटेलवाले हसत हो म्हणाले. काकांचा घसा मात्र कोरडा पडला. "महिनाभर? कंपनीची तर मी शिवणार नाही! मग मी प्यायचं काय?"

काकूंनी नळाखाली पेला भरला आणि त्यांच्या पुढे ठेवला.

"हे घ्या. आपल्या गावचं पाणी! वास घेऊन बघा हवं तर."