कॉम्प्युटरची खंडेनवमी

पासवर्ड चुकला आहे, असं कॉम्प्युटरने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हिंदुरावांनी समजून घेतलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा चष्मा पुसला. तिसऱ्यांदा मात्र त्यांचं टाळकं सरकलं.

"चुकला म्हंजी? माझ्या घरात, माझ्या टेबलावर बसून मलाच सांगतंय व्हय, चुकला म्हनून?"

"अहो, हळू बोला," कुसुमताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "रविवार हाय. लोकं झोपल्यात."

"लोकं झोपल्यात म्हनून तर ह्यांचं फावतंय!"

'ह्यांचं' म्हणजे सोसायटीच्या कमिटीचं. चिखलीतली ही शिल्पवेल सोसायटी म्हणजे समोरासमोर दोन इमारती आणि मधून आतला रस्ता. अर्धी माणसं चाकणच्या कंपन्यांत पाळ्या करणारी, अर्धी पाठीला लॅपटॉप लावून हिंजवडीला जाणारी. अध्यक्ष नंदकिशोर दुसऱ्या अर्ध्यातले. कोरोनात सोसायटीची सभा ऑनलाइन सुरू झाली, ती त्यांनी पुढेही तशीच ठेवली. हॉलमध्ये माणसं उठून बोलतात, आणि उठलेल्या माणसाला खाली बसवायला बटण नसतं. ऑनलाइन सभेत असतं, आणि ते अध्यक्षांच्या बोटाखाली असतं.

आज अकराच्या सभेपुढे ठराव एकच होता: रस्त्याकडच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला बंदी. कारण, इमारतीची शोभा. नोटिशीत कुणाचं नाव नव्हतं, पण दुसऱ्या मजल्यावर हिंदुरावांच्या गॅलरीत कंपनीच्या प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या खात्याचा, निळा युनिफॉर्म लटकलेला असतो, त्याच्यावरचे तेलाचे डाग कुसुमताईंनी ब्रशने जीव तोडून घासले तरी जात नाहीत, आणि फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईक गाडीतून उतरलं की आधी तेच बघतं, हे नंदकिशोरांनी लिफ्टमध्ये चारचौघांना ऐकवलेलं होतं. मागची ड्राय बाल्कनी म्हणजे उभं कपाट. तिथे ऊन सोडा, वारासुद्धा परवानगी काढून येतो. मग काय करायचं माणसानं? ओला युनिफॉर्म अंगात घालून पहाटेच्या कंपनीच्या बसला उभं राहायचं? शोभेसाठी?

आणि नोटिशीच्या शेवटी एक ओळ होती. जो सभासद सभेत विरोध नोंदवणार नाही, त्याची संमती धरली जाईल.

त्या ओळीवर हिंदुराव आठवडाभर धुमसत होते. त्यांच्या खिशात बटणांचा साधा फोन, कारण कंपनीच्या गेटवर कॅमेऱ्याचा फोन आत सोडत नाहीत. कुसुमताईंचा फोन सकाळच्या शुभेच्छांनी एवढा फुगला होता की त्यात सभा मावत नव्हती. राहिला मुलाने, अवधूतने, वापरायला दिलेला जुना कॉम्प्युटर; पासवर्ड हिंदुरावांनीच ठेवलेला. आणि तो म्हणत होता, तुम्ही कोण?

"अवधूतला फोन लावा की," कुसुमताई म्हणाल्या.

अवधूत चाकणला रविवारच्या ओव्हरटाइमला गेलेला. फोन लॉकरमध्ये. हिंदुरावांनी कंपनीच्या गेटला फोन लावला.

"अवधूतला द्या जरा. अर्जंट हाय."

"काय झालं? घरी कोण सीरियस आहे का?" सिक्युरिटीवाल्याने विचारलं.

"कॉम्प्युटर उघडंना."

"काका, कुणी सीरियस असंल तरच लाइनवर निरोप जातो."

"मीच सीरियस हाय!" हिंदुराव ओरडले. फोन कट झाला होता.

एवढ्यात शेजारचे धोंडीबा नाना आत आले. ते मूळचे गावातले. ही सोसायटी उभी आहे तिथे त्यांची मेथी असायची, त्यामुळे सोसायटीतल्या कुठल्याही घरात ते न विचारता शिरत, आपल्याच रानात शिरल्यासारखे.

"काय झालं रं हिंदुराव?"

"पासवर्ड घेत न्हाई नाना. आता म्हनतंय, लई येळा चुकला, थोडं थांबा."

"थांबतोय कशाला? बंद कर आन् चालू कर. माझा टीव्ही तसाच हुतो." आणि हिंदुराव 'न्हाई न्हाई' म्हणेपर्यंत नानांनी भिंतीतली पिनच उपटली.

पिन परत घातल्यावर कॉम्प्युटर जागा झाला तो निराळ्याच तंद्रीत. निळा पडदा, गरगरणारे ठिपके, आणि सूचना: अपडेट सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.

"आता काय म्हनतोय?"

"हात लावू नका म्हनतोय."

"मंग नगं लावू," नाना म्हणाले आणि चहाची वाट बघत खुर्चीवर बसले.

ठिपके फिरत राहिले. तीस टक्के झाले आणि तिथेच अडले. हिंदुरावांचा जन्म मशिनपुढे गेलेला. मशिन बंद पडलं की कंपनीत साहेब लोक फळ्यापुढे उभं करून पाच वेळा 'का' विचारायला लावतात. मशिन का थांबलं? बेअरिंग का गेलं? तेल का नव्हतं? असं करत करत मुळाशी जायचं म्हणे. हिंदुरावांनी असे शेकडो 'का' बघितले होते. पाचव्या 'का'चं उत्तर कुठल्याही कंपनीत एकच: कामगाराचा निष्काळजीपणा. एकदाही कुणाचा 'का' साहेबाच्या केबिनपर्यंत पोचला नाही. आज आपल्या घरात, आपल्या मशिनपुढे, हे उत्तर त्यांना मान्य नव्हतं.

"हात माझा बरोबर हाय. पासवर्डबी बरोबर हाय. मशिन खोटं बोलतंय."

"दसऱ्याच्या आदी तर चालत हुतं की," कुसुमताई चहा ठेवत म्हणाल्या.

चालत होतं, खरं. मग आली खंडेनवमी. त्या दिवशी प्रेस शॉपमधल्या प्रत्येक मशिनला हळदकुंकू, झेंडूची माळ, अक्षता, पुढे नारळ. हिंदुरावांनी तीच रीत घरी केली होती. कॉम्प्युटर धुऊन, म्हणजे ओल्या फडक्याने पुसून, पाटावर मांडला. कीबोर्डवर मूठभर अक्षता टाकल्या. आणि पूजलेल्या मशिनला विसावा म्हणून त्यानंतर कुणी त्याला हात लावला नव्हता.

अपडेट एकदाचं संपलं. पुन्हा पासवर्ड, पुन्हा 'चुकला आहे'.

"त्या डोळ्यावर दाबा," चष्मा न लावता लांबचं स्वच्छ दिसणाऱ्या कुसुमताई म्हणाल्या. "तिथं बारका डोळा काढलाय बघा. बँकेच्या ॲपात असतो. दाबला की लिव्हलेलं दिसतं."

हिंदुरावांनी डोळा दाबला. टिंबांच्या जागी अक्षरं आली. इंग्रजीत 'प्रेस १५०' असायला हवं होतं. तिथे 'प्रे १५०' होतं. प्रेसमधले दोन्ही एस गायब.

"एस खातंय! बघा, एस खातंय! मी म्हनलं नव्हतं, हात बरोबर हाय?"

पण कुसुमताईंचं लक्ष एसकडे नव्हतं. "प्रेस दीडशे म्हंजी?"

"माझी प्रेस. दीडशे टनी."

"असं व्हय," कुसुमताई शांतपणे म्हणाल्या. "संसाराला तीस वर्सं झाली. पासवर्डात माझं नाव न्हाई. त्या दीडशे टनी भवानीचं हाय."

"अगं, तुझं नाव कुनीबी ओळखंल की!"

"आन् तिचं?"

नाना चहाच्या कपात बघत राहिले.

हिंदुरावांनी घाईने कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला. तांदळाचं पोतं फुटावं तशा अक्षता पडल्या. मागोमाग झेंडूच्या पाकळ्या, हळदीची पूड आणि एक उदबत्तीची काडी. एस मात्र घट्टच. त्याच्याखाली एक दाणा आडवा बसला होता. कुसुमताईंनी केसातली पिन काढून दिली. हिंदुरावांनी ती एसखाली घालून उचकटली. दाणा निघाला, आणि त्याच्याबरोबर एससुद्धा उडाला, तो थेट कपाटामागे.

"आता वो?"

"खाली रबर हाय ना? मग बटनाचं काय लोनचं घालायचंय!" हिंदुरावांनी पेन्सिलचं बूड त्या रबरावर टेकवून दोनदा दाबलं. कॉम्प्युटर उघडला. नानांनी टाळी वाजवली.

सभा केव्हाच सुरू झाली होती. पडद्यावर छोट्या छोट्या खिडक्यांत सगळी सोसायटी बसलेली. कुणी दाढी करतंय, कुणी भाजी निवडतंय, आणि मधल्या मोठ्या खिडकीत नंदकिशोर, मागे पुस्तकांचं कपाट.

"...थोडक्यात, सोसायटीचा एक दर्जा असतो," ते म्हणत होते. "अरे, हिंदुराव आले का? हिंदुराव, तुमची स्क्रीन लाल दिसतीये. तुम्ही दिसतच नाही आहात."

हिंदुरावांनी कॅमेऱ्याकडे बघितलं आणि उमगलं. पूजेत कुंकू लावतात कपाळाला. कॉम्प्युटरचं कपाळ कुठलं? पडद्याच्या वर, मधोमध. तिथे नेमका कॅमेरा. आणि शेजारच्या बारीक भोकात, जिथून आवाज आत जातो, तिथे त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने ओली हळद दाबली होती. चांगली भक्तिभावाने.

"माझा विरोध हाय!" हिंदुराव म्हणाले.

"हिंदुराव, आवाज येत नाहीये."

"विरोध हाय!!"

"सेटिंग्जमध्ये जा. ऑडिओ. इनपुट बघा," नंदकिशोर लहान मुलाला सांगावं तसं गोड बोलत होते. कुसुमताईंनी ओलं फडकं मारलं. लालचं गुलाबी झालं, आणि भोकातली सुकलेली हळद भिजून आणखी आत गेली. सगळ्या सोसायटीला गुलाबी धुक्यात एक आकृती हातवारे करताना दिसत होती.

"काय ही पूजा करायची पद्धत!" कुसुमताई पुटपुटल्या.

"पूजेला नावं ठेवू नगंस! जे मशिन भाकरी देतं त्याला कुंकू लावलं. जागा चुकली असंल, पूजा न्हाई चुकली."

"ठीक आहे," नंदकिशोर घड्याळ बघत म्हणाले. "वेळ फार झालाय. हिंदुरावांचा आवाज येत नसल्याने त्यांचा विरोध नोंदवता येत नाही, म्हणजे संमती धरतोय. आता ठराव..."

हिंदुराव उठले. खुर्ची मागे पडली. "कुठं निघाला?" नानांनी विचारलं.

"गॅलरीत."

दीडशे टनांची प्रेस दणके देत असताना पलीकडच्या माणसाला 'हात काढ' म्हणून सांगायचं, तर जो आवाज लागतो तो शाळेत शिकवत नाहीत. हिंदुरावांनी तो तीस वर्षं रोज वापरला होता. त्यांनी कठड्यावर हात ठेवले, छाती भरून घेतली आणि सोडला.

"माझा विरोध हाय! हिंदुराव, दुसरा मजला! मी संमती दिल्याली न्हाई!"

पहिल्या मजल्यावरची कबुतरं उडाली. समोरच्या इमारतीवर आपटून आवाज परत आला. आणि मग एक गंमत झाली. हिंदुरावांचा आवाज कॉम्प्युटरमधूनही ऐकू यायला लागला. सगळ्यांच्या खिडक्या उघड्या, सगळ्यांचे फोन चालू. ज्याच्या त्याच्या फोनमधून हिंदुरावच सभेत शिरत होते.

"कृपया सगळ्यांनी म्यूट करा," नंदकिशोर म्हणाले.

"घाम माझा! तेल माझं! युनिफॉर्म धुनार मी, वाळत घालनार मी! लाज तुमाला का वाटती?"

नंदकिशोरांनी भाजी निवडणाऱ्या बाईंना म्यूट केलं. आवाज दाढीवाल्याकडून आला. त्याला म्यूट केलं. आवाज तळमजल्यावरून आला. एकेक करत त्यांनी अख्खी सोसायटी गप्प केली, तरी हिंदुराव ऐकूच येत होते, कारण आता ते अध्यक्षांच्या स्वतःच्या खिडकीतून येत होते. नंदकिशोर त्यांच्या समोरच्याच इमारतीत, एक मजला वर, तिसऱ्यावर राहत. शेवटी भांबावून त्यांनी दिसेल ते बटण दाबलं, आणि स्वतःलाच म्यूट केलं. सभा चालू होती. माणसं होती, तोंडं हलत होती, आवाज कुणाचाच नव्हता.

"आरं हिंदुराव," नाना आतून ओरडले, "अध्यक्ष कायतरी बोलतोय, पर ऐकू येत न्हाई!"

"मग धरा की त्यांची संमती!" कुठल्या तरी गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. एकामागून एक दारं सरकली. पाळीवाले आले, त्यांच्या बायका आल्या, हिंजवडीवालेही आले. त्यांची पण मुलांची दुपटी आतल्या आत कुबट होत होती, फक्त बोलायचं कोण? कुणी बादलीच घेऊन आलं. टॉवेल झटकले गेले, परकर पसरले, कंपन्यांचे निळे, खाकी, करडे युनिफॉर्म कठड्यांवर पडले. मतमोजणीची गरजच राहिली नाही. रस्त्यावरून मान वर करून बघितलं की निकाल दिसत होता.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचं दार सरकलं. नंदकिशोरांच्या पत्नी, शुभदाताई. हातात पिळलेल्या कपड्यांची बादली, वरती साहेबांचाच पांढरा शर्ट. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"हिंदुराव काका!" त्या म्हणाल्या. "आमच्या गॅलरीत दोरीच नाहीये हो. कधी बांधूच दिली नाही."

"दोरी हाय!" हिंदुराव गरजले. "आलोच!"

नायलॉनची दोरी, दोन हूक आणि ड्रिल घेऊन ते समोरच्या इमारतीत गेले. दार नंदकिशोरांनीच उघडलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शुभदाताईंनी स्टूल मांडलं. ते डगमगत होतं, म्हणून नंदकिशोरांना ते धरावं लागलं.

हिंदुराव स्टुलावर चढले, पेन्सिलने खूण केली. खालून हळूच आवाज आला, "हिंदुराव... हूक जरा आतल्या बाजूला घेता आला तर... म्हणजे दोरी रस्त्यावरून दिसणार नाही."

हिंदुरावांनी खूण पुसली. ड्रिल उचललं आणि गॅलरीच्या अगदी बाहेरच्या कडेला टेकवलं.

"दिसू द्या की साहेब," ते म्हणाले. "स्टूल नीट धरा."